हरसूलच्या प्लांटचं अपचन

नाशिकचा माणूस घराबाहेर पडला की त्र्यंबकला जातो, वणीला जातो, फारच मोकळा असला तर द्राक्षाच्या मळ्यात उभं राहून फोटो काढून येतो. मी शेण बघायला गेलो. नुसतं शेण नव्हे, सडका कांदा आणि कॅन्टीनचं खरकटंही. तेही गळ्यात ओळखपत्र अडकवून, पांढरी पँट घालून. पांढऱ्या पँटीबद्दल मला काही विचारू नका. बायकोने जाताना विचारलं होतं, तेव्हाही मी उत्तर दिलं नव्हतं.

मी पदार्थविज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर घरातले पंख्याचे रेग्युलेटर दुरुस्त करून ते कायमचे बंद पाडण्याचं काम मी मनापासून करत होतो. त्याला कंटाळून बायकोनेच कुणाकडे तरी शब्द टाकला असावा. एका संस्थेच्या मूल्यमापन समितीवर मला घेतलं. जिल्ह्यात नव्या धर्तीचे बायोगॅस प्रकल्प उभे राहिलेत, ते प्रत्यक्ष जाऊन तपासायचे आणि त्यांची वर्गवारी करायची. इतरांनी गिरवावा असा असेल तर ‘अ’, सुधारून चालेल असा असेल तर ‘ब’, आणि बंद असेल तर ‘क’. ‘अ’ मिळाला की तसाच दुसरा प्रकल्प शेजारच्या वस्तीला मंजूर. नियम एकच: तपासणीच्या दिवशी आमच्या डोळ्यांसमोर शेगडी पेटली पाहिजे.

सोबतीला शुभांगी आहेर मॅडम. कृषी अभियंता, माझ्या निम्म्या वयाच्या, मूळच्या सटाण्याकडच्या. गाडी स्वतः चालवतात आणि नियमसुद्धा गाडीसारखाच सरळ चालवतात. एरवी शुद्ध बोलतात, राग आला की अहिराणीत उतरतात. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे एकच काम होतं: आमच्या वाट्याला आलेल्या तिन्ही ठिकाणी फोन करून आम्ही येतोय असं सांगणं. लासलगाव आणि सिन्नरचे फोन सरळ झाले. हरसूलजवळच्या पाड्यावरच्या बचत गटाच्या हिराबाईंनी मात्र विचारलं, “दादा, तुमी येनार तर आमी काय तयारी करू?”

आता ‘काही नको’ एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. पण माझ्या जिभेला वळण नाही. मी म्हटलं, “आमची कसली तयारी करता? त्या गोबरगॅसचीच बडदास्त ठेवा! आठवडाभर चांगलं गोडधोड जेवायला घाला त्याला, म्हणजे आमच्यासमोर रुसून बसणार नाही!”

मी खदखदून हसलो. पलीकडून हसू आलं नाही. “बरं दादा,” एवढंच आलं. विनोद पोचला नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुम्ही फोनवर विनोद करत जाऊ नका. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत नाही.”

तिच्याकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं.

लासलगाव

पाऊस नुकता ओसरला होता. बाजार समितीच्या बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉलीत उन्हाळी कांदा, आणि एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकणारा लिलावाचा घोळका. एवढ्या कांद्यातून चाळीत सडलेला कांदा वेगळा काढतात, तो पूर्वी रस्त्याच्या कडेला पडायचा. गावाबाहेर भाऊसाहेबांच्या शेतावर त्याचाच गॅस होतो.

भाऊसाहेब म्हणजे डोक्याला टॉवेल, पायात गमबूट आणि बोलण्यात लपवाछपवी अजिबात नाही. त्यांनी आम्हाला आधी कांदा ठेचायच्या यंत्राजवळ नेलं. “सर, तिथं लय वाकू नका.”

“अहो, मी विज्ञानाचा माणूस आहे,” म्हणत मी वाकलो.

सडका कांदा ठेचला जात असताना त्याच्यावर वाकणं म्हणजे काय, हे लिहून सांगता येत नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. नाकाने वेगळा संसार थाटला. मी तसाच आंधळेपणाने बाजूच्या बाजेवर जाऊन बसलो, तर तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. “रडू नका सायेब. कांद्याचं हे असंच चालायचं.” मग तो पलीकडे ओरडून म्हणाला, “आरं, पानी आना, सायेबांना कांदेवाल्यांची कणव आली!” मी ते नाकारलं नाही. शेतकऱ्यांसाठी एवढे अश्रू गाळलेला अधिकारी त्या शिवारात यापूर्वी कुणी पाहिला नसणार.

पण डोळे निवळल्यावर जे पाहिलं त्याने मी खरोखर थक्क झालो. ठेचलेल्या कांद्याचं पाणी पिळून काढतात, चोथ्यात शेण मिसळतात, मग तो टाकीत जातो. गॅसला येणारा कुजकट वास घालवायला शेजारच्या लेथ कारखान्यातला लोखंडाचा कीस भरलेला पाइप. आणि त्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनातून वीज कुठे जाते? कांद्याच्या चाळीतल्या पंख्यांना. म्हणजे सडलेला कांदा चांगल्या कांद्याला वारा घालत बसतो, तो सडू नये म्हणून. माणसांत एवढा समजूतदारपणा मी पाहिलेला नाही.

“पैल्या साली नुसता कांदाच घातला होता,” भाऊसाहेब जेवताना सांगत होते. समोर बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्याच गॅसच्या शेगडीवर झालेलं पिठलं. “टाकीनं तोंड फिरवलं. गॅस यायचा पन पेटायचा नाय. मंग शेण वाढवलं, चुना टाकला, अन् थोडं थोडं घालाया लागलो. लय खादाड हे ते, पन पोट नाजूक हे त्याचं.”

हे वाक्य ऐकल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी हलायला हवं होतं. हललं नाही. मी पिठलं वाढून घेत होतो.

ताटात फोडलेला कांदा होता. तो मात्र मी खाऊ शकलो नाही. मॅडमनी गाडीच्या चारही काचा खाली केल्या आणि नाशिकपर्यंत तशाच ठेवल्या.

सिन्नर

दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. इथे आसपासच्या कारखान्यांचं खरकटं एका कॅन्टीनमागे येतं आणि रबरी कापडाच्या भल्यामोठ्या पिशवीत जातं. शमीम आपा हे कॅन्टीन चालवतात. खरकटं आलं की त्या स्वतः हात घालून बघतात. लिंबाची साल बाहेर, हाडं बाहेर, लोणचं बाहेर. “लोणचं गेलं ना सर, तर दोन दिवस नखरे करतं,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. दुसऱ्यांदा माझ्या डोक्यात काही हललं नाही.

मॅडम मोजमापं घेत होत्या आणि ऊन चढलं होतं. मागच्या बाजूला भिंतीच्या सावलीत काळंभोर, फुगीर, मऊ असं काही पसरलेलं दिसलं. कामगारांना विसाव्याला किती छान गादी केली आहे, असं मनात म्हणत मी बसलो. अगदी प्रशस्त बसलो. गादी खाली गेली, मी खाली गेलो, आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

“या अल्ला! ज्योत बघा कढईच्या वर आली!”

मी गॅसच्या पिशवीवर बसलो होतो. घाबरून उठायला गेलो, पण त्या मऊ वस्तूवरून उठायचं म्हणजे आधी लोळावं लागतं. तेवढ्यात शमीम आपा धावत बाहेर आल्या, त्यांनी मला पाहिलं, कंबरेवर हात ठेवला आणि ओरडल्या, “उठू नका! सर, उठू नका! डाळ व्हायची राहिलीय, अजून जरा बसा!”

मी बसलो. दुपारच्या पाळीची डाळ माझ्या वजनावर शिजली. दाब कमी पडला की आपा त्या पिशवीवर वाळूची पोती ठेवत असत, ती त्या दिवशी तशीच पडून राहिली. जेवताना कामगारांना सांगण्यात आलं की आजची डाळ सरांची आहे. डाळ उत्तम होती. मॅडमनी या प्रकल्पाला ‘अ’ दिला आणि शेऱ्यात माझा उल्लेख केला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हरसूल

तिसऱ्या दिवशी घाट चढून गेलो. उतारावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वळायला लागलेली, ओहोळ अजून वाहते. हरसूलच्या पुढे कच्च्या रस्त्याने पाड्यावर पोचलो तर बायका आधीच जमलेल्या. हिराबाई पुढे आल्या. काठाची साडी, मनगटात चांदीच्या पाटल्या, चेहऱ्यावर आपलं काम दाखवण्याची घाई.

दाखवण्यासारखंही खूप होतं. जमिनीत बांधलेला घुमट, त्याला गेरूने रंगवून वर पांढरी नक्षी. शेण एका घरचं नाही, पाड्यावरच्या प्रत्येक घरचं, पाळीपाळीने. शेजारी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. ज्या घरची पाळी, त्या घरच्या बाईने घुमटाला खायला घालायचं. शेगड्या मात्र सगळ्यांच्या. आमच्या सोसायटीत जिन्यातला दिवा कुणी बदलायचा यावरून दोन कुटुंबं बोलत नाहीत, आणि इथे चूल सगळ्यांची!

“आनि ही मळी पाहा,” हिराबाईंनी घुमटातून बाहेर पडणारा काळा रबडा दाखवला. “पैले नागलीच्या रोपाला राब भाजायचो. झाडाच्या फांद्या तोडायच्या, पाला, शेण, सगळं वाफ्यावर जाळायचं. आता वाफ्याला ही मळी घालतो. औंदा आमी एक फांदी तोडली नाय.”

मॅडम वाकून सगळं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ‘अ’ उमटलेला मला स्पष्ट दिसत होता.

स्वयंपाकघराच्या दारात एक बाई बसली होती. शेजारी लाकडांची मोळी, मांडीवर पाण्याने भरलेलं पातेलं. हिराबाई म्हणाल्या, “ही जमना. वरल्या पाड्यावरची. तिथं एक चूल नाय गॅसची. रोज डोंगरात जाऊन मोळी आनते. तुमी आमाला पास केलं तं दुसरा प्लांट तिच्या पाड्यावर हुईल ना?”

“होईल की,” मी म्हटलं.

“तिच्या पाड्याची मानसं म्हनतात, शेनावर कुठं भात शिजतो? म्हनून ती पातेलं घेऊन आली. डोळ्यानं उकळलेलं पाह्यल्याबिगर वर जानार नाय.”

 जमनाने उठून पातेलं शेगडीवर ठेवलं.

मी दाबाचा काटा पाहिला. काटा वर टेकलेला. “वा! पोट तुडुंब भरलंय!” मी ओरडलो. हिराबाई हसल्या. काडी ओढून त्यांनी शेगडीजवळ नेली. फुस्स आवाज आला आणि काडी विझली. दुसरी काडी, तीही विझली. तिसरी मी माझ्या हाताने नेली, विज्ञानाचा माणूस म्हणून. ती सगळ्यांत लवकर विझली.

मॅडमनी घुमटाच्या तोंडाशी जाऊन रबड्यात लिटमसचा निळा कागद बुडवला. कागद लालभडक झाला. त्या माझ्याकडे वळल्या. “हाई काय शे?”

तेव्हा मला कळलं की त्या रागावल्यात.

“आंबलंय सगळं,” मॅडम शुद्ध बोलण्यावर परत येत म्हणाल्या. “गॅस आहे, पण पेटणारा नाही. हिराबाई, आठवडाभरात शेणाशिवाय काय घातलंत?”

हिराबाई संकोचल्या. मग बायकांनीच सांगायला सुरुवात केली. एकीने गूळ आणला होता. एकीने लग्नघरचा उरलेला भात. नागलीच्या पिठाची पेज रोज. पाहुणा येणार म्हटलं की पाड्यावर प्रत्येक घरातून काही ना काही द्यायचं असतं, कुणी मागे राहायचं नसतं. यावेळी पाहुण्याचा मान घुमटाचा होता. तेव्हा घरोघरून गोडधोड त्याच्या पोटात गेलं. भाताला तूप नव्हतं, म्हणून एकीने साखर जास्त घातली होती.

“मी वरईचा भात आनला होता,” जमना पहिल्यांदाच बोलली. “आमच्या पाड्याचा वाटा म्हनून.”

मला खाली बसावंसं वाटलं, पण आदल्या दिवसाच्या अनुभवामुळे मी आधी खाली बघितलं.

“पण असं का केलंत?” मॅडमनी विचारलं.

हिराबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. “चुकलं आमचं ताई. आमाला कळाया पायजे होतं.” पाहुण्याकडे बोट दाखवायचं नाही, एवढ्यासाठी त्या बाईने सगळ्या पाड्याचा ‘क’ अंगावर घेतला होता.

जमनाला तसली भीड नव्हती. “चुकलं कसं? फोन आला होता ना? सायेब बोलला, आठवडाभर गोडधोड घाला म्हनून. हिरा आमाला सांगाया वर चढून आली होती.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या तीन दिवसांत मी बऱ्याच ठिकाणी हास्यास्पद ठरलो होतो आणि मला त्याची मजा वाटत होती. इथे मात्र कुणी हसलं नाही. मी म्हटलं, “तो फोन माझा होता. मी थट्टा केली होती.”

“थट्टा?” जमना म्हणाली. “मंग हसायचं तं होतं.”

“हसलो होतो,” मी म्हटलं, आणि ते आणखीच वाईट वाटलं.

मी मॅडमना बाजूला घेतलं. वास तर गॅसचाच येतोय, असं सुचवून पाहिलं. घाटातली हवा दमट आहे, असंही सुचवून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “सर, शेगडी पेटली नाही. नियम तुम्हाला माहीत आहे.” मग म्हणाल्या, “एक कलम आहे. तपासणाऱ्यांच्याच बाजूने अडथळा झाला असेल, तर तसं कारणासह लिहून दिल्यावर पुन्हा तपासणी करता येते. आजवर कुणी लिहून दिलेलं नाही.”

“का?”

“कोण लिहील?”

मी ओट्यावर बसून लिहिलं. ‘प्रकल्पास अस्मादिकांनी फोनवरून केलेल्या विनोदामुळे अपचन झाले’ असं पहिलं वाक्य होतं. मॅडमनी ‘अस्मादिक’ खोडायला लावलं आणि माझं पूर्ण नाव घालायला लावलं.

मग त्यांनी बायकांना औषध सांगितलं. खाणं बंद. चुन्याची निवळी, मग थोडं थोडं ताजं शेण, बाकी काही नाही. “लंघन,” हिराबाईंनी एका शब्दात समजून घेतलं. जमनाने शेगडीवरचं थंड पाणी पातेल्यासकट उचललं. मोळी डोक्यावर घेतली आणि चढणीला लागली. त्या दिवशी आम्हाला नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी मिळाली. ते सगळं लाकडाच्या चुलीवर झालं होतं. इतकी चविष्ट भाकर मी इतक्या खाली मान घालून कधी खाल्ली नव्हती.

पुन्हा हरसूल

समितीच्या बैठकीत माझं निवेदन मोठ्याने वाचण्यात आलं. अध्यक्षांना पाणी प्यावं लागलं. पण दुसरी तपासणी मंजूर झाली. हरसूलला फोन मॅडमनी केला. मला त्या वेळी खोलीबाहेर बसवण्यात आलं होतं.

दिवाळीच्या अलीकडे आम्ही पुन्हा घाट चढलो. मॅडम निवांत होत्या. मी नव्हतो. मनात सारखं येत होतं, पुन्हा फुस्स झालं तर? बायकांना निदान चहा तरी मिळावा, म्हणून मी घरून मोठा थर्मास भरून घेतला होता आणि तो पिशवीत टॉवेलखाली लपवला होता.

जमना त्याच जागी, तेच पातेलं, तशीच मोळी. यावेळी काटा मध्येच कुठेतरी होता, घुमट आकंठ जेवलेला नव्हता. हिराबाईंनी काडी ओढली. मी डोळे मिटले.

आवाज आला नाही. डोळे उघडले तर शेगडीभोवती निळ्या पाकळ्यांचं कडं बसलं होतं, इतकं शांत की आधी दिसलंच नाही. जमना पातेल्याजवळ उकिडवी बसली. तळाला बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग झाकण थडथडायला लागलं. तिने झाकण काढलं, वाफेत हात धरला, भाजला तसा मागे घेतला, आणि हसली. मॅडमनी कागदावर ‘अ’ काढला. एवढं सुरेख अक्षर मी माझ्या शिक्षकी आयुष्यात फळ्यावर कधी काढलं नव्हतं.

“आता वर खड्डा कवा खनायचा?” जमनाने विचारलं.

“उन्हाळ्याआधी,” मॅडम म्हणाल्या.

त्याच उकळत्या पाण्याचा चहा करायचं ठरलं. आनंदाच्या भरात मी टॉवेल काढायला पिशवी ओढली आणि थर्मास घरंगळत हिराबाईंच्या पायाशी गेला. त्यांनी उचलला, हलवून पाहिला, झाकण उघडून वास घेतला.

“चा?” त्या म्हणाल्या. “घरून आनला?”

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बायका हसायला लागल्या होत्या. मागच्या वेळी राहिलेलं सगळं हसू त्या दिवशी निघालं. मॅडमसुद्धा भिंतीला टेकून हसत होत्या. जमना उठली. मला वाटलं, ती निघाली. तिने मोळी उचलली, सरळ आमच्या गाडीपाशी गेली आणि मागचं दार उघडून आत टाकली.

“अहो, ही तुमची मोळी!” मी ओरडलो.

“मला आता उन्हाळ्यापतूरच लागनार,” ती म्हणाली. “ही तुमीच ठेवा. तुमचा गॅसवर भरवसा नाय.”

ती पातेलं हातात झुलवत चढण चढून गेली. डोक्यावर काही नसल्यामुळे तिची चाल जरा वेगळीच दिसत होती.

मोळी आमच्या गॅलरीत आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती वर चढवताना सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात अडवून विचारलं, लाकडं कशाला? मी एक सुरेखसा विनोद करणार होतो. बायको म्हणाली, “तुम्ही थांबा, मी सांगते.”